पाव मिलिमीटर

वडील प्रयोगशाळेत आले ते टोपी न काढताच.
ऐंशीला दोन कमी, आणि हाउगेसुंडच्या गोदीत
पस्तीस वर्षं जहाजांची पोटं सांधलेली.
गळ्याजवळ ठिणग्यांचे डाग अजून आहेत,
तिळांसारखे, पण तीळ नव्हेत.
"आग कुठंय?" त्यांनी विचारलं.

आग नाही, मी म्हटलं.
ही पोलादाची खुंटी आहे फक्त,
मिनिटाला हजार गिरक्या घेणारी,
आणि तिच्याखाली घट्ट आवळून धरलेले
अॅल्युमिनियमचे दोन पत्रे, कडेला कड.
ती रुतते, जराशी थांबते,
घासून घासून जागा तापवते
आणि मग सांध्यावरून चालू लागते.
धातू वितळत नाही. मळलेल्या कणकेसारखा होतो,
एका अंगाने पुढे रेटला जातो, दुसऱ्या अंगाने मागे वळतो,
आणि खुंटीची पाठ फिरली की निवतो,
एकजीव.

"वितळत नाही म्हणे," ते म्हणाले,
शेजाऱ्याने दारू सोडली असं कुणी सांगावं
आणि आपण बरं म्हणावं, तसं.

टूरीलने कॉफी आणली.
सत्तेचाळीस नंबरचा नमुना टेबलावरच होता.
वरून बघावं तर चंद्रकोरीमागे चंद्रकोर,
बारीक, एकसारख्या, नजर लागेल अशा.
क्ष-किरणांनी त्याला निर्दोष ठरवलं होतं.
माझ्या अहवालाचं तिसरं पान त्याच्याच जिवावर उभं होतं.

वडिलांनी पत्रा उलटा केला.
चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले
(उघडे ठेवूनही त्यांना आता फारसं कळत नाही)
आणि अंगठ्याचं नख
खालच्या अंगाने सावकाश ओढत नेलं,
लहान मुलाच्या तळव्यातलं कुसळ शोधावं तसं.
अर्ध्यावर थांबले.
"इथे अजून दोघं आहेत."

दोन नव्हे. दोघं.

मग त्यांचं बोट जोडाच्या टोकाशी गेलं.
"आणि हे भोक?"
ते राहतंच. खुंटी निघाली की तिची जागा भरत नाही.
म्हणून आम्ही जोड थोडा लांबवतो
आणि तेवढा तुकडा कापून टाकतो.
"टाकता?"
कापलेल्या तुकड्यांच्या डब्यात त्यांनी हात घातला,
एक उचलला, कोटाच्या खिशात टाकला
आणि कॉफी अर्धी ठेवून बस गाठायला निघाले.

संध्याकाळी सत्तेचाळीस नंबर वाकवायला घेतला.
वीस अंश, तीस. काही नाही.
टूरील माझ्याकडे बघायचं टाळत होती.
चाळिसाच्या पुढे एक कोरडा आवाज,
फांदीचासुद्धा नाही, बिस्किटाचा,
आणि तळाशी एक रेघ उघडली, पट्टीने आखल्यासारखी.
आतून दोन्ही कडा गुळगुळीत.
त्या कधी मिसळल्याच नव्हत्या,
नुसत्या टेकून होत्या.
खुंटी पाव मिलिमीटरने आखूड पडली होती.

ह्या दोषाला आमच्यात चुंबन म्हणतात.
वडिलांना फोनवर सगळं सांगितलं, एवढं सोडून.
आई आणि ते शेवटची सहा वर्षं
एकाच टेबलावर जेवत होते, रेडिओ लावून.

नोव्हेंबरात गेले तेव्हा तुकडा खिडकीत दिसला.
भोकात केकवरची बारीक मेणबत्ती,
जरा सैल बसत असावी,
बुडाशी वर्तमानपत्राचा कपटा गुंडाळलेला.
खाली सामुद्रधुनीतून फेरीबोट चालली होती.
आईची तारीख होती ती. मी काही विचारलं नाही.
रेडिओ बंद होता.

"खुंटी बदललीस?"
"बदलली."
"कितीने?"
मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून
मेणबत्तीच्या उजेडात धरली,
आणि ते वाकून बघत राहिले
मधलं ते काहीच नसलेलं अंतर.